पायदळाच्या खांद्याला पंख हवेत!

हेलिकॉप्टर उडवायचे असेल तर हवाई दलात जा आणि प्रत्यक्ष लढायचे असेल तर पायदळात जा, असा सल्ला मराठी मध्यमवर्गीय घरांतून आजही सर्रास दिला जातो. एन.डी.ए.चा अर्ज भरणाऱ्या मुलाला मामा, काका, शेजारचे निवृत्त सुभेदार आणि खासगी क्लासचे संचालक असे सारेच एकमुखाने हे सांगतात. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण सल्ला साफ चुकीचा आहे. भारतीय भूदलाचे स्वतःचे उड्डाण दल आहे, त्याची हेलिकॉप्टरे आहेत, त्याचे वैमानिक आहेत आणि त्या वैमानिकांच्या प्रशिक्षणाची शाळा दुसरीकडे कुठे नसून नाशिकला आहे. पायदळाच्या पलटणीत उमेदीची वर्षे घालवून मग हेलिकॉप्टरच्या आसनावर बसलेले कितीतरी अधिकारी या दलाने पाहिले आहेत. ज्या महाराष्ट्राच्या भूमीवर हे वैमानिक घडतात, त्या महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांना त्याचा पत्ता नसावा, ही खेदाची गोष्ट आहे.

परंतु हा प्रश्न केवळ घरगुती अज्ञानाचा असता तर त्यावर लेखणी झिजवण्याचे प्रयोजन नव्हते. घरात जो गैरसमज आहे, तोच थोड्या प्रतिष्ठित भाषेत दिल्लीच्या मंत्रालयांतही दशकानुदशके वावरत आला. सैनिक जमिनीवर लढतो आणि उडणारे सारे हवाई दलाचे, या समजुतीपायी भूदलाला हेलिकॉप्टर देताना हात आखडला गेला, फायलींवर शेरे मारले गेले आणि जुनाट यंत्रे बदलण्याचा निर्णय पुन्हा पुन्हा लांबला. याची किंमत फायलींवर शेरे मारणाऱ्यांनी मोजलेली नाही. ती मोजली पर्वतशिखरांवरील जवानांनी आणि त्यांना औषध, रॉकेल व धान्य पोहोचवणाऱ्या वैमानिकांनी.

तोफखान्याच्या डोळ्यांपासून स्वतंत्र दलापर्यंत

भूदलाच्या उड्डाणाचा जन्म तोफखान्यात झाला. टेकडीपलीकडे पडणारा तोफगोळा नेमका कुठे पडला, हे पाहण्यासाठी कुणीतरी उंचावर जाणे आवश्यक होते. दुसऱ्या महायुद्धात यासाठी छोटी विमाने वापरात आली आणि ती चालवण्यासाठी उड्डाण शिकलेले तोफखान्याचे अधिकारीच निवडले गेले. यामागील विचार अत्यंत व्यवहारी होता. वैमानिकाला तोफखाना शिकवण्यापेक्षा तोफखान्याच्या माणसाला उडायला शिकवणे सोपे. 'एअर ओ.पी.' या नावाने ओळखली गेलेली ही परंपरा स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्करात चालू राहिली. देवळालीचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र हे तिचे माहेर. १ नोव्हेंबर १९८६ रोजी तोफखान्यापासून वेगळे होऊन आर्मी एव्हिएशन कोअर हे स्वतंत्र दल अस्तित्वात आले. २००३ मध्ये नाशिक रोड येथील गांधीनगर विमानतळावर कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल, म्हणजे 'कॅट्स', सुरू झाले. २०१९ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते या दलाला मानाचा ध्वज प्रदान झाला, तोही नाशिकलाच.

या दलाचे वैशिष्ट्य असे, की त्याचे अधिकारी वर्षानुवर्षे पायदळ, तोफखाना, चिलखती दल अशा विविध शाखांतून येत राहिले. आधी सैनिक, मग वैमानिक, हा क्रम होता. आपल्या शाखेत काही वर्षे सेवा केलेला तरुण अधिकारी स्वेच्छेने अर्ज करतो, वैमानिकाच्या अंगभूत क्षमतेची चाचणी देतो, कठोर वैद्यकीय तपासणीतून जातो आणि मग प्रशिक्षणाला पात्र ठरतो. क्षमतेची ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालेल्यास दुसरी संधी नाही. ओळख, वशिला, घराणे यांचा येथे उपयोग नाही.

उंचीचे गणित पायांनी शिकलेले बरे

पायदळात राहिलेला माणूसच हेलिकॉप्टरवर का हवा? हवाई दलाचा प्रशिक्षित वैमानिक तेच काम करू शकणार नाही काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भावनेने देता येणार नाही.

१३ एप्रिल १९८४ रोजी 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झाले, तेव्हा कॅप्टन संजय कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखालील कुमाऊँ रेजिमेंटच्या तुकडीला चीता हेलिकॉप्टरांनी बिलाफोंड ला खिंडीपाशी उतरवले. एका खेपेत मोजकीच माणसे, अशा अनेक खेपा करून ही मोहीम पार पडली. तेव्हापासून सियाचीनच्या चौक्या हेलिकॉप्टरांच्या आधाराने उभ्या आहेत. हवाई दलाच्या हेलिकॉप्टर तुकड्यांनी तेथे गाजवलेला पराक्रम अलौकिक आहे आणि त्याला उणेपणा आणण्याचा प्रयत्न कृतघ्नपणाचा ठरेल. भूदलाचे वैमानिकही त्याच आकाशात, त्याच धोक्यात उडत आले आहेत.

तेथील उड्डाणाचे गणित समजून घेतले पाहिजे. वीस हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते की पात्यांना पकडायला पुरेशी हवाच मिळत नाही आणि इंजिनाला दमही कमी पडतो. मैदानी प्रदेशात जे हेलिकॉप्टर चार-पाच माणसे सहज नेते, ते सर्वांत उंच चौक्यांवर अवघे काही किलो वजन नेऊ शकते. ऊन चढले की हवा आणखी पातळ होते आणि वारे उसळू लागतात, म्हणून उड्डाणे पहाटेपासून करावी लागतात. उतरण्याची जागा म्हणजे बर्फावर तयार केलेला खोलीएवढा चौथरा. त्या थंडीत आणि त्या उंचीवर बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होईल याची शाश्वती नसते, म्हणून पाती फिरती ठेवूनच सामान उतरवायचे, जखमी चढवायचा आणि निघायचे. साराच व्यवहार क्षणांचा.

या क्षणांत निर्णय कोणता घ्यायचा? रॉकेलचा एक डबा कमी करून औषध न्यायचे की उलट? चौकीवरून धुराची खूण अस्पष्ट दिसते आहे, तरी उतरायचे का? खाली उभा असलेला नायक बिनतारी संदेशात 'पेशंट ठीक आहे' म्हणतो, तेव्हा तो खरोखर ठीक आहे, की पलटणीच्या स्वाभिमानापोटी तसे म्हणतो आहे? ज्या अधिकाऱ्याने स्वतः अशा चौकीवर हिवाळा काढला आहे, रॉकेल संपल्यावर बर्फ वितळवून पाणी कसे करायचे याची चिंता ज्याने वाहिली आहे, आपल्या जवानाला खाली न्यायला येणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज ऐकण्यासाठी ज्याने कान टवकारले आहेत, त्याला या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात शोधावी लागत नाहीत. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण येथे शब्दशः खरी आहे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. हेलिकॉप्टर चालवलेला अधिकारी पलटणीत परतला, तर तो पलटणीला काय देतो? उतरण्याची जागा कोणत्या उतारावर निवडावी, तारा आणि झाडे कशी हेरावीत, भार कसा बांधावा, दुपारच्या उन्हात किती माणसे मागावीत आणि पहाटे किती, हे तो जाणतो. अशक्य ते मागत नाही आणि शक्य ते मागायला कचरत नाही. पायदळाच्या एखाद्या कमांडिंग ऑफिसरला हे ज्ञान असणे म्हणजे त्या पलटणीचा पल्ला कित्येक मैलांनी वाढणे होय.

कारगिलचे वाया गेलेले दिवस

हे ज्ञान दोन दलांच्या भिंतींआड वाटले गेले की काय होते, याचा धडा मे १९९९ मध्ये मिळाला. घुसखोर शिखरांवर बसले आहेत हे उमगल्यावर भूदलाने हवाई दलाकडे सशस्त्र हेलिकॉप्टरांचा पाठिंबा मागितला. हवाई दलाचे म्हणणे असे, की आपल्याकडील लढाऊ हेलिकॉप्टरे त्या उंचीवर परिणामकारक ठरणार नाहीत आणि हवाई शक्ती वापरायची तर त्यासाठी राजकीय नेतृत्वाची मंजुरी हवी. या काळातील मतभेद दोन्ही दलांच्या तत्कालीन प्रमुखांनी नंतर जाहीरपणे मांडले आहेत. मंजुरी मिळाली आणि २६ मे रोजी हवाई हल्ले सुरू झाले. २८ मे रोजी तोलोलिंगच्या परिसरात हवाई दलाचे एम.आय.-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि चार जणांनी वीरमरण पत्करले.

तांत्रिकदृष्ट्या हवाई दलाचा मुद्दा चुकीचा नव्हता आणि भूदलाची निकडही खोटी नव्हती. चूक होती ती व्यवस्थेची. पंधरा-सोळा हजार फुटांवर हेलिकॉप्टर काय करू शकते आणि काय नाही, हे पायदळाच्या निर्णयकर्त्यांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक असते, तर तोच वेळ वादाऐवजी योजनेत गेला असता. कारगिलनंतर उंच पर्वतांसाठी स्वदेशी लढाऊ हेलिकॉप्टरची गरज मान्य झाली. ते हेलिकॉप्टर, म्हणजे आजचे 'प्रचंड', प्रथम उडाले २०१० मध्ये आणि समारंभपूर्वक हवाई दलात आले ऑक्टोबर २०२२ मध्ये. वरातीमागून घोडे आले खरे, पण आले हेही नसे थोडके.

सगतसिंगांचा वारसा

याउलट उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. लेफ्टनंट जनरल सगतसिंग हे मूळचे पायदळाचे, गुरखा पलटणीचे अधिकारी. ब्रिगेडियर झाल्यावर, ज्या वयात इतर जण गुडघ्यांची काळजी घेऊ लागतात त्या वयात, त्यांनी पॅराशूटने उडी मारण्याचे प्रशिक्षण घेतले आणि ५० पॅराशूट ब्रिगेडचे नेतृत्व केले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करताना पणजीत पोहोचली ती हीच ब्रिगेड. मराठी आणि कोंकणी माणसाने हे नाव विसरता कामा नये.

दहा वर्षांनी, १९७१ च्या युद्धात, चौथ्या कोअरचे प्रमुख म्हणून सगतसिंग पूर्व आघाडीवर होते. मेघना नदीवरील पूल शत्रूने निकामी केला होता. पाठ्यपुस्तकाप्रमाणे तेथे थांबणे क्रमप्राप्त होते. सगतसिंगांनी हवाई दलाच्या एम.आय.-४ हेलिकॉप्टरांतून सैन्य नदीपार उतरवले आणि ढाक्याची वाट मोकळी केली. त्याआधी ७ डिसेंबरला सिल्हेटजवळ गुरखा पलटण अशीच उतरवली गेली होती. हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन चंदनसिंग आणि सगतसिंग यांचे सूर जुळले म्हणून हे घडले. सगतसिंग स्वतः हेलिकॉप्टरमधून आघाडीची पाहणी करीत आणि अशाच एका पाहणीत त्यांच्या हेलिकॉप्टरवर शत्रूच्या गोळ्याही लागल्या.

या उदाहरणावरून काही जण असा निष्कर्ष काढतात, की हेलिकॉप्टरे हवाई दलाची असूनही काम झाले, मग भूदलाला स्वतंत्र उड्डाण दल कशाला? निष्कर्ष उलटा आहे. दोन असामान्य माणसे एकाच वेळी एकाच आघाडीवर होती, हे राष्ट्राचे दैव. राष्ट्राची संरक्षणव्यवस्था दैवावर चालवता येत नाही. सगतसिंगांच्या अंगी जे होते, ते शंभर मेजरांच्या आणि कर्नलांच्या अंगी यावे यासाठी व्यवस्था हवी.

'परिपूर्ण सैनिक' ही कल्पना जुनी आहे

ज्यांना परदेशी दाखल्याशिवाय काही पटत नाही, त्यांच्यासाठी तेही दाखले आहेत. १९४२ मध्ये ब्रिटनने ग्लायडर पायलट रेजिमेंट उभारली. तिला आकार देणारे जॉर्ज चॅटर्टन यांचा आग्रह होता 'परिपूर्ण सैनिका'चा. ग्लायडर शत्रूच्या भूमीवर उतरवल्यानंतर वैमानिकाने हात झाडून मोकळे व्हायचे नाही. बंदूक उचलून पायदळाच्या जवानाप्रमाणे लढायचे. सप्टेंबर १९४४ मध्ये आर्नहेमच्या लढाईत या वैमानिकांनी नेमके तेच केले आणि त्याची जबर किंमत मोजली. विशेष म्हणजे त्यांतील बहुसंख्य जण सार्जंट दर्जाचे होते. १९५७ मध्ये ही रेजिमेंट आणि तोफखान्याचे उड्डाण पथक एकत्र करून ब्रिटिश आर्मी एअर कोअर स्थापन झाली. आजही तेथे कोणत्याही शाखेतील पात्र सैनिक वैमानिक होण्यासाठी अर्ज करू शकतो.

अमेरिकेत तर हा विचार आणखी पुढे गेला. १९६२ मध्ये हॉझ मंडळाने हेलिकॉप्टरांवर आरूढ होणाऱ्या सैन्याची शिफारस केली आणि १९६५ मध्ये फर्स्ट कॅव्हलरी डिव्हिजन त्याच धर्तीवर उभी राहून व्हिएतनामला गेली. त्या युद्धात अमेरिकेचे धोरण योग्य होते काय, हा वेगळा विषय. पण पायदळाला रणांगणावर नेणारा वैमानिक त्याच सैन्याचा, त्याच डिव्हिजनचा होता, हे लक्षात घेतले पाहिजे. नोव्हेंबर १९६५ मधील इया ड्रांगच्या लढाईत गोळीबार चालू असताना पुन्हा पुन्हा उतरणारी हेलिकॉप्टरे भूसैन्याचीच होती. तेथेही वैमानिकांचा मोठा भाग वॉरंट ऑफिसर दर्जाचा असतो आणि साध्या सैनिकालाही ती वाट खुली आहे.

आणि परदेशाकडे तरी किती पाहायचे? शिवछत्रपतींच्या सैन्यात पायदळाचा सरनोबत वेगळा आणि घोडदळाचा वेगळा होता. येसाजी कंक आणि नेताजी पालकर यांची कामे निराळी, पण मोहीम एकच. डोंगर चढणारा मावळा आणि दौड मारणारा शिलेदार एकमेकांची भाषा जाणत होते, म्हणूनच थोड्या बळावर मोठी कामे झाली. आजच्या युगात हेलिकॉप्टर हाच तो घोडा आहे.

आक्षेपांची छाननी

पहिला आक्षेप हवाई शक्तीच्या अखंडतेचा. आकाश एक आहे, म्हणून आकाशातील सारे एका दलाकडे असावे, असे हवाई दलातील काही जाणकार सांगतात. देखभाल, सुट्या भागांचा साठा, उड्डाणसुरक्षा या मुद्द्यांवर त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि भूदलाने त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. परंतु पायदळाच्या डोक्यावरून शंभर-दोनशे फुटांवर उडणारे यंत्र हे रणभूमीचाच भाग आहे. २०१२ मध्ये संरक्षण मंत्रालयाने पुढील काळातील लढाऊ हेलिकॉप्टरे भूदलालाही देण्याचा निर्णय घेतला, तो याच तत्त्वावर. जून २०२२ मध्ये भूदलाचे 'प्रचंड'चे पहिले पथक उभे राहिले. मार्च २०२५ मध्ये १५६ 'प्रचंड' हेलिकॉप्टरांचा करार झाला, त्यांपैकी ९० भूदलासाठी आहेत. अपाचे जातीच्या सहा हेलिकॉप्टरांचा भूदलासाठीचा करार २०२० चा. त्यांतील पहिली तीन आली ती जुलै २०२५ मध्ये. वाद तत्त्वतः मिटला आहे. तो आता जेवणावळीत आणि चर्चासत्रांत पुन्हा उकरून काढू नये.

दुसरा आक्षेप खुद्द पायदळातून येतो आणि तो अधिक गंभीर आहे. अधिकाऱ्यांची टंचाई हजारांच्या घरात असताना चांगला कॅप्टन उड्डाणाला पाठवला तर कंपनी कोण सांभाळणार? कमांडिंग ऑफिसरच्या जागी बसून पाहिल्यास ही तक्रार खोटी वाटत नाही. पण टंचाईवर उपाय म्हणजे भरती वाढवणे. महत्त्वाकांक्षी अधिकाऱ्याच्या वाटेत उभे राहणे नव्हे. पायदळात राहूनही पुढे आकाश खुले आहे, हे कळले तर पायदळ मागणाऱ्या तरुणांची संख्या वाढेल, घटणार नाही.

तिसरा आक्षेप कौशल्याचा. उड्डाण ही रोजच्या सरावाची विद्या आहे. मध्ये दोन वर्षे पलटणीत गेली तर हात बसलेला राहत नाही. हे खरे आहे. म्हणून एकाच वेळी दोन्ही घोड्यांवर बसण्याची मागणी कुणी करू नये. क्रम ठरलेला असावा: आधी पलटण, मग उड्डाण, नंतर काहींनी परत पलटणीत आणि काहींनी उड्डाणातच कायम. पलटणीतून पुन्हा आकाशात जाणाऱ्याला उजळणीचे प्रशिक्षण दिल्याविना उडू देऊ नये. यात अशक्य असे काही नाही.

चौथी अडचण कुणी उघडपणे बोलत नाही, पण प्रत्येक तरुण अधिकाऱ्याच्या मनात असते. ती बढतीची. लष्करात वरच्या हुद्द्यासाठी कंपनीचे नेतृत्व आणि त्यावरील गोपनीय अहवाल निर्णायक ठरतात. जी वर्षे हेलिकॉप्टरवर गेली, ती मूळ शाखेच्या हिशेबात तोट्याची ठरण्याची भीती असते. सियाचीनवर प्राण पणाला लावून केलेले उड्डाण आणि कार्यालयात बसून भरलेला तक्ता यांत कोणाचे वजन अधिक, हा प्रश्न राष्ट्राने विचारला पाहिजे.

खरे पाप: चीताचे भिजत घोंगडे

या साऱ्या चर्चेला काळी किनार आहे ती जुनाट यंत्रांची. चीता आणि चेतक ही मूळ फ्रेंच आराखड्याची, हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्याने बनवलेली एका इंजिनाची हेलिकॉप्टरे. चीता ज्या 'लामा'वरून आले, त्या लामाने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठून जागतिक विक्रम केला होता. यंत्र गुणी होते, यात वाद नाही. पण अर्धशतक लोटले. धुक्यात आणि ढगांत समोरचा डोंगर दाखवणारी आधुनिक उपकरणे त्यात नाहीत, स्वयंचलित नियंत्रण नाही. एक इंजिन थांबले तर दुसरे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तवांगजवळ आणि मार्च २०२३ मध्ये अरुणाचलातच चीता कोसळून भूदलाचे वैमानिक गेले. अशा दुर्घटनांची मालिका जुनी आहे.

आता बदलाची कहाणी पाहा. १९७ हलक्या हेलिकॉप्टरांच्या खरेदीची प्रक्रिया डिसेंबर २००७ मध्ये अंतिम टप्प्यावर असताना रद्द झाली. २००८ मध्ये नव्याने निविदा निघाल्या. त्या २०१४ मध्ये रद्द झाल्या. २०१५ मध्ये रशियाशी कामोव्ह-२२६ टी जातीच्या २०० हेलिकॉप्टरांचा आंतरसरकारी करार झाला. एकही हेलिकॉप्टर आले नाही. स्वदेशी हलके हेलिकॉप्टर २०१६ मध्ये प्रथम उडाले, २०२३ मध्ये तुमकुरूला भव्य कारखान्याचे उद्घाटन झाले, तरी पथकांतून चीता हटलेले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा सुमारे २०० हेलिकॉप्टरांसाठी उत्पादकांकडून माहिती मागवण्यात आली. सरकारे बदलली, मंत्री बदलले, भ्रष्टाचाराचे आरोप झाले, चौकशा झाल्या. चीता मात्र उडतच राहिले. दशकभरापूर्वी भूदलाच्या वैमानिकांच्या पत्नींना एकत्र येऊन 'ही हेलिकॉप्टरे थांबवा' असे संरक्षणमंत्र्यांकडे गाऱ्हाणे घालावे लागले. वीरपत्नी होण्याचे भय ज्यांना शत्रूपेक्षा आपल्याच यंत्रामुळे वाटते, त्यांच्यासमोर देशभक्तीची भाषणे कोणत्या तोंडाने करायची?

येथे पक्षाचा विचार करून चालणार नाही. राष्ट्रहिताचे नाव घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही. ज्यांनी २००७ मध्ये कच खाल्ली त्यांना दोष द्यावाच, पण २०१५ च्या कराराचे काय झाले हा प्रश्नही तितक्याच रोखठोकपणे विचारावा. आपल्या माणसांना प्रश्न विचारण्याचे धैर्य नसेल, तर परक्यांना विचारलेल्या प्रश्नांना नैतिक धार राहत नाही.

काय करायला हवे?

मागण्या स्पष्ट आणि मोजक्या आहेत. पायदळातून उड्डाणाकडे जाणारी वाट रुंद करावी आणि परतीची वाटही खुली ठेवावी. उड्डाणातील वर्षे बढतीच्या हिशेबात कंपनीच्या नेतृत्वाच्या तोडीची मानावीत. ब्रिटन आणि अमेरिकेच्या धर्तीवर, योग्य शिक्षण व क्षमता असलेल्या जे.सी.ओ. आणि हवालदारांनाही वैमानिक होण्याची संधी देण्याचा प्रयोग करावा. आज ड्रोन चालवणारे जवान पलटणीतच तयार होत आहेत. २६ जुलै २०२५ रोजी द्रास येथे लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी पायदळाच्या प्रत्येक पलटणीत ड्रोनची प्लाटून उभारण्याची घोषणा केली. ज्या जवानाच्या हाती आज उडते डोळे दिले जात आहेत, तो उद्या हेलिकॉप्टर उडवण्यास अपात्र का मानावा? आणि या सर्वांच्या आधी, चीता निवृत्त करण्याचा कालबद्ध कार्यक्रम संसदेसमोर ठेवावा.

समाजाचेही काही कर्तव्य आहे. नाशिकचे भोसला मिलिटरी स्कूल १९३७ पासून आणि छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मराठी मुलांना सैन्याच्या दारापर्यंत नेत आहेत. त्या दारापलीकडे किती दालने आहेत, हे शिक्षकांनी आणि पालकांनी जाणून घ्यावे. मुलींनाही हे सांगावे. पायदळाचे दार त्यांना अद्याप उघडलेले नाही. पण मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांनी नाशिकच्याच शाळेतून भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिकाचा मान मिळवला. त्याही आधी भूदलाच्या हवाई संरक्षण शाखेत सेवा करीत होत्या. आधी सैनिक, मग वैमानिक.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा मुलगा 'मला पायदळ हवे आहे आणि हेलिकॉप्टरही' असे म्हणाला, तर त्याला दोन दगडांवर पाय ठेवू नकोस असे म्हणून गप्प बसवू नये. त्याला नाशिकचा रस्ता दाखवावा. आणि तो उद्या ज्या हेलिकॉप्टरमध्ये बसणार आहे ते त्याच्या आजोबांच्या वयाचे नसेल, एवढी खबरदारी घेण्यास आपल्या लोकप्रतिनिधीला भाग पाडावे. मुलगा देशाला देणाऱ्या घराचा तेवढा अधिकार आहे.